टायपिंगबाईंची दुनळी

"माझी बंदूक वाजते. रविवारी सरावाच्या मैदानावर या, आणि येताना कानांत कापूस घालून या!" परवाना कचेरीतल्या साहेबाला रांगेतल्या अकरा माणसांदेखत असं सुनावून टायपिंगबाई तरातरा घरी आल्या.

साहेबाचं म्हणणं साधं होतं. बाईंच्या वडिलांची दुनळी चाळीस वर्षं कपाटात पडून आहे. चालत नसेल तर परवाना कशाला? जमा करून टाका. त्यातलं 'चालत नसेल' बाईंना झोंबलं. तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेली बाई ती! बिघडलेली मशीनसुद्धा तिच्या नुसत्या धाकाने सुरू व्हायची.

दुसऱ्याच दिवशी त्या बंदूक, नव्या काडतुसांचा डबा आणि पंचेचाळिशीतला भाचा असा लवाजमा घेऊन मिस्त्रीकडे गेल्या. हा म्हातारा मिस्त्री बंदुका दुरुस्त करी आणि सरावाचं मैदानही तोच सांभाळी. त्याने नळी उजेडात फिरवली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि बंदूक कपाटातच शोभेल असं सांगून टाकलं. लोखंडी पट्ट्यांना पीळ देऊन घडवलेली ही नळी, जुन्या काळ्या दारूसाठीची. नव्या काडतुसाचा जोर तिला सोसायचा नाही.

उत्तरादाखल बाईंनी डब्यातलं काडतूस नळीत सरकवलं आणि बंदूक खट्कन मिटली. "बसलं की! मग?"

मिस्त्रीने बंदूक त्यांच्या हातातून काढून घेतली आणि काडतूस बाहेर काढलं. मग ड्रॉवरमधून तसलंच, पण वाजलेलं, एक रिकामं काडतूस काढून त्याच जागी घातलं. ते पाव इंच बाहेरच राहिलं.

"वाजण्याआधी याचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून मावतं," तो म्हणाला. "वाजताना ते उलगडतं आणि लांब होतं. तुमच्या नळीत तेवढी जागाच नाही. छर्रे तिथे अडतात, आणि सगळा जोर नळीवर येतो."

"माझ्या वडिलांनी हिने उभा जन्म नेम धरला."

"त्यांनी त्यांच्या काळची काडतुसं वापरली, बाई."

बाईंना पटलं नाही असं नाही. पण पटणं वेगळं आणि माघार घेणं वेगळं. भाच्याने मिस्त्रीची री ओढली, तेव्हा त्याला दुकानाबाहेर उभं राहायला सांगण्यात आलं. तासभर हुज्जत घातल्यावर मिस्त्री एवढ्यावर आला, की बंदूक कोणी हातात धरायची नाही. ट्रकच्या टायरला बांधायची, चापाला दोरी लावायची आणि भिंतीआडून ओढायची. हा बाईंना अपमान वाटला. पण साहेबाची अट बंदूक वाजण्याची होती, धरण्याची नव्हती, म्हणून त्यांनी तो गिळला.

रविवारी साहेब आला, खरोखरच कानांत कापूस घालून. दोरी आणायचं काम भाच्याकडे होतं. त्याने कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली. चौघं भिंतीआड बसले. बाईंनी दोरी ओढली. दोरी ताणली, लांबली, आणखी लांबली, बंदूक ढिम्म. मिस्त्रीने जागचं हलू नका म्हणून बजावलं. साहेबाने घड्याळ पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहायला पेन उघडलं.

ते पेन पाहिलं आणि बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी दोरीचे दोन वेढे कमरेला घेतले, भिंतीला पाय लावले आणि विहिरीतून हत्ती काढावा तसं सगळं अंग मागे टाकलं. धाड्! दोरी सैल पडली, बाई मागच्या मागे थेट साहेबाच्या मांडीवर, साहेब भाच्याच्या अंगावर, आणि पेन कुठे गेलं ते कोणालाच कळलं नाही.

धूर ओसरल्यावर मिस्त्री एकटा पुढे गेला, दुसरी नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि मग बाकीच्यांना बोलावलं. डावी नळी केळ्याच्या सालीसारखी उलगडली होती. डाव्या हाताने बंदूक तोलून धरतात, नेमकी तिथेच. जवळच्या झाडाच्या बुंध्यात नळीचा बोटभर पत्रा घुसला होता.

भाच्याने आधी झाडाकडे, मग मावशीच्या हाताकडे पाहिलं. बाईंनी साडी झटकली.

"वाजली की नाही?" त्यांनी साहेबाला विचारलं.

साहेबाने कानातला कापूस काढला. "वाजली," तो म्हणाला.

"मग लिहा तसं."

पेन नव्हतं. बाईंनी आपलं दिलं. साहेबाने लिहिलं: बंदूक वाजली, यापुढे वाजणार नाही. यातल्या दुसऱ्या वाक्याला बाईंनी लेखी हरकत घेतली, कारण उजवी नळी अजून शाबूत होती!

परतीच्या वाटेवर भाच्याने गाडी एका हॉटेलापाशी थांबवून चहा मागवला. बाईंनी डाव्या हाताने कप उचलला, तर तो बशीवर टकटक वाजायला लागला. त्यांनी तो खाली ठेवला. भाच्याने कप उचलून त्यांच्या ओठांशी धरला.

"फार गरम आहे, म्हणून," बाई म्हणाल्या, आणि निवलेला चहा फुंकून फुंकून प्यायल्या.