तुळसाबाई चहा पेत नाई

आमच्या कुरखेड्याकडं कोणाच्या घरी जाऊन चहाला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या दारातला बैल सोडून नेणं. माणूस वर्षभर लक्षात ठेवतो. तुळसाबाई तर जिथं जाईल तिथं नाही म्हणायची.

तिचं कामच घरोघरी जायचं होतं. गडचिरोली जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता आणि अपंगांसाठी काम करणारी एक संस्था जीप घेऊन आली होती. पुढं जीप बिघडली, साहेब चंद्रपूरला निघून गेले, तुळसाबाई तेवढी राहिली. एसटीनं यायची, एसटी चुकली तर पायी. कोणाला कूस बदलायला शिकवायची, कोणाला कुबडी धरायला लावायची, आंधळ्याच्या घरापासून विहिरीपर्यंत दोरी बांधून द्यायची. घरच्यांनी चहा पुढं केला की कप बाजूला सारायची आणि हनुवटीनं खाटेकडं दाखवायची.

"ज्याच्यासाठी आली, त्याच्या हातचा पिईन."

त्यामुळं तालुक्यातला सगळ्यात बेकार चहा कोणी प्याला असेल तर या बाईनं. आंधळ्या पांडूआजानं साखर समजून मीठ टाकलं. शेवंता नावाच्या पोरीचा एक हात चालत नव्हता, तिचा अर्धा चहा कपात आणि अर्धा तुळसाबाईच्या लुगड्यावर. बाई शेवटच्या घोटापर्यंत पेणार, पदरानं तोंड पुसणार आणि म्हणणार, "जमलं."

मी एकदा विचारलंच, "बाई, मिठाचा चहा लागते कसा?"

"चव नाई पाह्यची बाबू. हात पाह्यचा."

मला नकलांचा नाद. हेडमास्तर, तहसीलदार, तिकिटासाठी भांडणारी म्हातारी, सगळे माझ्या गळ्यात. स्टँडवर मी तुळसाबाईची नक्कल केली की पानठेल्यावाला हसून हसून चुन्यात बोट विसरायचा. एक दिवस बाई मागंच उभी. ती म्हणाली, "चाल बराबर आहे. पन पिशवी माह्या डाव्या खांद्यावर असते. उजवा दुखते." आणि गाडीत जाऊन बसली. तेव्हापासून मी पिशवी डाव्या खांद्यावर घेतो. नक्कल सुधारली.

ही बाई आमच्या घरी आली ती माझ्या मोठ्या भावासाठी. देवराम चारं, म्हणजे चारोळीची फळं, तोडायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. कमरेखालचं सगळं गेलं. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हा उठून बसला, जागा बदलत राहिला तर जगेल. नाहीतर पाठीच्या जखमाच याला नेतील. ढुंगणावर एक जखम तर झालीच होती. पण देवराम भिंतीकडं तोंड करून पडलेला. एकेकाळी कबड्डीत तीन गावचे गडी ओढत आणणारा माणूस! त्याच्या हातांना काहीही झालेलं नव्हतं, तरी माय त्याला घास भरवायची, तोंड पुसायची, माश्या हाकलायची.

पहिल्या मंगळवारी मायनं दूध घालून चहा केला. पाहुण्यांचा, साखर जास्तवाला. बाईनं कप सारला.

मायला लागलं. "काऊन बाई? आमच्या घरचं चालत नाई का तुमाले?"

तुळसाबाई बौद्ध, आम्ही कुणबी. गावात अशा प्रश्नाला वजन असतं. बाई हसली. "पहा माय, इतकी वर्षं तुमचे लोक आमच्या हातचं पेत नोहते, तवा कोनाले लागलं नाई. आज मी पेत नाई तर लागलं?"

देवराम भिंतीकडून पहिल्यांदा इकडं वळला.

"भाऊ करन तवा पिईन," बाई त्याला म्हणाली.

"मी मेल्यावर पिजा."

"मेल्यावर चहा कोन करन?"

मग दर मंगळवारी हाच तमाशा. बाई जखम धुणार, गुडघ्यांमध्ये उशी ठेवणार, मायला भरवू नको म्हणून दटावणार, देवराम शिव्या देणार. एके दिवशी तिनं मला आरी आणायला लावली आणि खाटेचे पाय कापायला सांगितले.

"अवं बाई, सागाची खाट आहे! माह्या लग्नातली!" माय मधी आडवी झाली.

"लगन झालं ना? आता खाट खाली येऊ दे."

खाट कापली. पाय इतके आखूड केले की हातावर जोर देऊन माणूस सरळ जमिनीवर उतरेल. उतरायचं तेवढं मनात यायला पाहिजे. ते काही येईना. बाईनं रॉकेलचा स्टोव्ह खाटेच्या बाजूला आणून ठेवला. देवरामनं परत भिंतीकडं तोंड केलं. तिकडं जखम वाढत चाललेली.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत माय बांधीत, चिखलाच्या शेतात, गेलेली. मंगळवार होता. नाल्याला पाणी, गाडी पलीकडंच थांबली, बाई चिखल तुडवत आली. दारात बसली ती खोकतच. खोकला थांबेना.

"पानी तरी प्या," देवराम म्हणाला.

"पेली रस्त्यात."

मी म्हटलं, "बाई, मी टाकतो चहा. माह्याबी हातचा प्या एखाद खेप."

बाईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी स्टोव्हपासून लांब झालो. परत खोकली. लुगड्याचं पाणी जमिनीवर गळत होतं.

"मरन ही बुढी आपल्या घरात!" देवराम ओरडला. आणि दोन्ही हात खाटेला लावून खाली सरकला. पाय मागून लाकडासारखे आले. मी धावलो, तर बाई खोकता खोकता हातानं थांब म्हणाली. देवरामनं पंप मारला. स्टोव्हचा भडका उडाला, भुवया थोडक्यात वाचल्या. दूध नव्हतं. काळा चहा, वरून पत्ती तरंगत असलेला, अर्धा बशीत. त्यानं तो हात लांब करून पुढं केला, पण नजर भलतीकडं.

बाईनं पत्तीसकट प्याला. तोंड पुसलं. "जमलं."

"काय जमलं? कडूजहर झाला आहे!" देवराम म्हणाला. "थांबा, दुसरा करतो."

त्यानंतर देवरामला चहाचं खूळ लागलं. रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारून पाजायचा. दिवसातून कितीदा तरी खाली उतरायचा, वर चढायचा. जखमेवर खपली धरली. मायला स्टोव्हजवळ येऊ देईना. बाईचं येणं आपोआप कमी झालं. दुसऱ्या गावांत खाटेवरचे लोक होतेच. मग ते बंदच झालं.

दिवाळीनंतर, धान कापणी सुरू असताना, एका रविवारी तुळसाबाई दुपारच्या गाडीतून उतरली. रविवारी तिला सुट्टी.

"आमच्या गावात कोन नवा पडला बाई?" मी विचारलं.

"कोनी नाई. गाडी दिसली, बसली."

देवरामनं न विचारता चहा टाकला. बाईनं घेतला. इकडचं तिकडचं बोलली, माशीला हाकललं, परत बोलली. उन्हं उतरायला लागली तशी माय म्हणाली, "घरी वाट पाहून राह्यले असतीन तुमची."

"वाट पाह्याले घरी कोंबडीबी नाई," बाई म्हणाली आणि स्वतःच हसली. आम्ही कोणी हसलो नाही. ती रिकाम्या खाटेकडं पाहत होती. "थोडी पाठ टेकू का?"

टेकली तशी झोपली. तोंड उघडं, एक चप्पल पायातच. घोरणं असं की मी मनातल्या मनात ते पाठ करून घेत होतो. तेवढ्यात स्टँडवर परतीच्या गाडीचा हॉर्न वाजला. दिवसातली शेवटची गाडी. मी उठवायला धावलो, तर खालून कोणीतरी माझा घोटा पकडला. देवराम. कबड्डीवाली पकड.

"सोड ना, गाडी जाते तिची!"

"जाऊ दे."

गाडी गेली. धूळ आमच्या दारापर्यंत आली आणि खाली बसली. बाईनं झोपेतच कूस बदलली. देवराम हातांवर सरकत चुलीपर्यंत गेला आणि हळूच म्हणाला, "माय, मूठभर तांदूळ जास्त टाकजो."

"टाकले," माय म्हणाली. "कवाचेच टाकले."