भागाबाई काळुंदर: खारी की गोडी?

एका जंगलात एक खाडी होती. जंगल खारफुटीच्या तिवरांचं, म्हणून बाळांनो, वाघ-सिंह शोधत बसू नका. इथे शहाणपण माशांच्या अंगात आलं होतं.

त्या खाडीत भागाबाई नावाची काळुंदर मासोळी राही. एका दगडाला तिनं अंडी चिकटवली होती आणि त्यांच्यापुढून ती हलत नव्हती.

भरती आली की पाणी खारं. मग ती घटाघटा पिई आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकी. ओहोटीला नदीचं गोडं पाणी आलं की घोटभरही न पिता नुसती मुतत राही. यात काही मोठं करतोय असं तिला कधी वाटलं नाही.

पण समुद्राच्या तोंडाशी राहणारे घोळराव आणि नदीच्या बाजूचे कटलासाहेब यांनी समिती काढली. दोघांचं एकमेकांशी पटत नसे. भागाबाई चुकते आहे, एवढ्यावर मात्र पटलं. फर्मान निघालं: प्रत्येकानं खारा किंवा गोडा असा दाखला घ्यावा, नसेल त्यानं जागा सोडावी.

कारकून खेकडा. तो अर्जदाराला चाटायचा आणि लिहायचा. सकाळी त्यानं भागाबाईला चाटून ‘खारी’ लिहिलं. दुपारी साहेबांपुढे पुन्हा चाटलं, तर गोडी. मधे ओहोटी लागली होती, हे भरल्या सभेत कुणाला सुचलं नाही.

“एक काय ते ठरव गं बाई,” घोळराव म्हणाले.

“पाण्याला सांगा ठरवायला. मी लगेच सही करते.”

समितीचा अपमान झाला. आठ दिवसांत दगड रिकामा करायचा हुकूम सुटला. अंडी फुटायला अजून पाच दिवस होते, आणि नवी पिल्लं लांब नेता येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. गोडं पाणी खाडीच्या तोंडापर्यंत भरलं. घोळरावांना लोक म्हणाले, समुद्रात चला. आम्ही हटत नसतो, असं सांगून ते संध्याकाळी पोट वर करून तरंगले. सहाव्या दिवशी उधाण आलं, खारं पाणी पार वर चढलं. कटलासाहेबही तत्त्वाचे पक्के. तेही तरंगले.

भागाबाई तीन दिवस मुतली, मग घटाघटा प्यायली. अंडी मधल्या मधे फुटली.

आठव्या दिवशी समितीवर दोघांचे पुतणे बसले. त्यांनी तिला बोलावून विचारलं, “एवढे मोठे गेले. तू कशी उरलीस?”

मागून कुणी तिला संधिसाधू म्हणालं. तिचा दगड हुतात्म्यांच्या स्मारकाला द्यायचा ठराव एकमतानं झाला.

“घ्या,” भागाबाई म्हणाली. तिच्या पोटाखाली पिल्लांची पळापळ चालली होती, तीही आता पोहायला शिकली होती. “फक्त नावं जरा वरच्या अंगाला लिहा हो, पुतणेसाहेब. तिथवर बदलतं पाणी पोचत नाही.”

तात्पर्य: बाळांनो, तत्त्वाला घट्ट चिकटून राहावं, म्हणजे दगडावर नाव लागतं. पाणी बघून वागणारीच्या वाट्याला नुसती पिल्लं येतात.