अप्पांचे पाव आणि माझी दुपार

आमच्या गावात पावाचं पीठ फुगतं ते माणसाच्या झोपेवर. मैदा, कोमट दूध, चिमूटभर साखर, यीस्ट, लोणी हे सगळं लागतंच; पण पीठ मळून वर ओला फडका टाकला की घरातल्या एकाने दीड तास आडवं व्हायचं. त्याची झोप पिठात जाते, पीठ दुप्पट होतं, आणि झोपणारा उठतो तो पडला होता तेवढाच दमलेला. पुढे जो पाव खाईल त्याला ती झोप लागते. यात नवल काही नाही, पूर्वीपासून असंच आहे.

आमच्या घरात झोप जायची ती माझी. लग्नानंतर वॉर्ड ऑफिसात फॉर्म भरायचा होता, त्यात एक रकाना होता: 'दुपारी घरात मोकळी असणारी व्यक्ती'. हेरंबने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिथे माझं नाव लिहिलं. मी शेजारीच उभी होते, एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसऱ्या हातात भाजी. मोकळी म्हणे! गावातल्या सगळ्या फॉर्मांवर बायकांचीच नावं आहेत, तेव्हा भांडायचं तरी कुणाशी.

महिन्यातून एकदा पाव व्हायचे तोवर निभावलं. तीन वर्षांपूर्वी अप्पा, माझे सासरे, न्हाणीघरात घसरून पडले. जबडा दुखावला, उरलेसुरले दात गेले. तेव्हापासून त्यांना घरचे मऊ पाव लागायचे, दुधात बुडवून, रोज. गुरगुट्या भात केला तर ताट सरकवायचे. बेकरीचा पाव आणला तर विचारायचे, यात कुणाची झोप आहे? परक्याची झोप आपण खायची नाही, असं त्यांचं म्हणणं. माझी चालायची.

दोन पाव खाल्ले की अप्पा असे घोरायचे की शेजारचे पाध्ये रेडिओ मोठा करायचे. मला मात्र रात्री पडलं तरी डोळा लागायचा नाही. गेल्या महिन्यात जिन्यात मध्येच उभी राहिले आणि आपण वर चाललोय की खाली, हे काही केल्या आठवेना. शेवटी वॉर्ड ऑफिस गाठलं.

झोपेच्या खिडकीवर मिठारीबाई असतात. त्यांनी माझं कार्ड काढलं, पाहिलं आणि चष्मा उतरवला.

"शैलजाताई, एका ट्रेपुरती झोप उरलीय तुमची. ती गेली की मग झोप येणार नाही. कधीच."

अशा माणसांचं पुढे काय होतं, असं मी विचारलं. विशेष काही होत नाही, त्या म्हणाल्या, बिलं वेळेवर भरतात. मग त्यांनी नाव बदलायचा फॉर्म दिला. जो झोप देणार त्याची सही हवी, आणि किती देणार तेही त्यानेच लिहायचं.

हेरंबने फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. दुपारी आपण ऑफिसात असतो, असं म्हणाला. मग रविवारी, मी म्हटलं. अगं, आठवड्यात एकच तर दुपार मिळते, असं अगदी साधेपणाने म्हणाला. माणूस वाईट नाही, त्याला फक्त सुचत नाही. वाद घालायचंही त्राण नव्हतं माझ्यात. फॉर्म टेबलावर ठेवला आणि भांडी घासायला गेले.

दुसऱ्या दिवशी शेवटचा ट्रे मळायला घेतला. अप्पांना उपाशी ठेवणं जमलं नसतं. पिठावर फडका टाकला, चटई पसरली आणि मला रडू फुटलं. एवढ्यात काठी टेकत अप्पा स्वयंपाकघरात आले.

"तू पडू नकोस," ते म्हणाले. "फॉर्म भरून सकाळीच पाध्यांबरोबर पाठवलाय मी."

अप्पा ओट्याला धरून सावकाश चटईवर बसले.

"तीन वर्षं तुझी झोप खातोय मी. कळत होतं मला. पण गोड लागायची."

माझ्या अंगाचा असा भडका उडाला की लाटणं घट्ट धरून ठेवावं लागलं. कळत होतं! अप्पा तोवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते.

पीठ भांड्याबाहेर आलं, ओट्यावर पसरलं, तरी थांबेना. चार ट्रे झाले. वरून दुधाचा हात फिरवून भाजले. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि हळूच भरून यायचा, इतके मऊ पाव माझ्या हातून कधी झाले नव्हते. ओट्यापाशी उभ्या उभ्या मी नऊ खाल्ले. अप्पांना एकही दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही.

मी उठले ती तिसऱ्या दिवशी. हेरंबने चहा केला होता, फुळकवणी.

ऑफिसात जाऊन फॉर्म पाहिला. 'किती' या रकान्यात अप्पांच्या कापऱ्या अक्षरात लिहिलं होतं: सगळी. ती परत घ्या, मी मिठारीबाईंना म्हटलं. खाल्लेली झोप परत घेता येत नाही, त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता शिक्का मारला.

आता आमच्याकडे पाव होत नाहीत. अप्पा गुरगुट्या भात मुकाट खातात. दुपारी मी झोपते. ते दाराजवळच्या खुर्चीत टक्क डोळे उघडे ठेवून बसतात, आणि कुणी आलं की दार किलकिलं करून हळू आवाजात सांगतात, "सूनबाई झोपलीय. नंतर या."