तांडेलकाकांचे दोन गुडघे

आमच्या शेजारचे तांडेलकाका दोन्ही गुडघ्यांना एकच औषध कधी लावत नसत. उजव्याला निर्गुडीचा वाफवलेला पाला बांधलेला असला, तर डाव्याला तेल लावून गरम केलेलं रुईचं पान. उजव्याला मिठाची पुरचुंडी, तर डाव्याला वाळूची. असे दोन निरनिराळे पाय समोर लांब करून ते पडवीत बसत आणि रस्त्यानं जाणारा हटकून विचारी, "काय तांडेलानु, आज कोण पुढं?"

काका डोळे मिटून जरा कानोसा घेतल्यासारखं करत आणि सांगत, "सध्या उजवा. पन डाव्यानं आत्ताच शीड उभारलान."

ही सन तीसच्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच लग्न होऊन रत्नागिरीला मांडवीच्या बाजूला आले होते. काकांनी तेव्हा दर्या सोडून तीन-चार वर्षं झाली असतील. त्याआधी चाळीस वर्षं ते गलबतावर, आणि पुढं तांडेल, म्हणजे गलबताचे प्रमुख. कौलं, नारळ, लाकूड असा माल घेऊन मलबारापासून मुंबईपर्यंत जात. पावसाचे चार महिने तेवढे घरी. ओल्या फळ्यांवर उकिडवं बसून बसून त्यांचे दोन्ही गुडघे धरले होते, आणि ते स्वतःच सांगत त्याप्रमाणे अगदी सारखे धरले होते. त्यांना त्याचा अभिमान होता. "जुळं हाय गो माझं," म्हणायचे.

मी एकदा भोळेपणानं म्हटलं, "काका, उंडीच्या बियांचं तेल चांगलं तर दोन्ही गुडघ्यांना का नाही लावत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांना होडीत चुलीसाठी भोक पाडायला सांगितलं.

"सूनबाय, दोन बोटी एकाच वाऱ्यात सोडल्याबिगर कनची पळते ता कळनार कसं? उजव्याला उंडी, डाव्याला कापूर घातलेला खोबरेल. दिस तोच, दमटपना तोच, मानूस तोच. एकाच वाऱ्यात! दोन्हीकडं उंडी लावली आनि बरं वाटलं, तर उंडीनं वाटलं का वारा फिरला म्हनून वाटलं, सांग बघू?"

 

आता हे सगळं ते स्वतःच्या गुडघ्यांसाठी करत होते असं वाटेल, पण तसं नव्हतं. आदल्या पावसाळ्यात काकी विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या आणि उजव्या खांद्यावर पडल्या. हाड मोडलं नाही, पण खांदा दुखतो म्हणून त्यांनी हात पोटाशी धरून ठेवला, आणि धरून ठेवलेला हात मग तिथंच बसला. कोपरापासून खाली सगळं ठीक. वर मात्र खांद्याच्या रेषेपर्यंतसुद्धा जाईना. हंडा डोक्यावर चढवणं राहिलं, वरच्या फळीवरचा डबा काढणं राहिलं. काकी तशा मानी. "व्हईल आपसूक," म्हणायच्या आणि पदराखाली हात लपवायच्या.

काकांनी ठरवून टाकलं होतं, की काकींच्या खांद्याला जे काही लागेल ते आधी आपल्या गुडघ्यांवर शर्यत जिंकून आलेलं पाहिजे. हरलेलं औषध तिच्या अंगाला लागता कामा नये. म्हणून त्या शर्यती.

निकाल ते मला कुंपणावरून सांगत. वाळूची पुरचुंडी मिठापेक्षा जास्त वेळ ऊन राहते, पण मिठाचा शेक मऊ. रुईच्या पानापेक्षा निर्गुडी सरस, कारण रुईनं नुसतीच खाज सुटली. तेल चोळायचं तर वरून खाली नव्हे, खालून वर, हृदयाच्या दिशेनं. जळवांचा निकाल लागलाच नाही. डाव्या गुडघ्यावरची जळू आपली जागा सोडून उजव्यावर जाऊन बसली, आणि काकांनी तिला "फितूर" म्हणून बाद केलं.

सगळ्यात गाजली ती ऊन आणि थंडाची शर्यत. कुणीसं सांगितलं की शेकापेक्षा गार पाणी बरं. झालं. काका दुपारी किनाऱ्यावर गेले, तापलेल्या वाळूत उजवा पाय मांडीपर्यंत पुरून घेतला आणि डावा पाय ओल्या खळग्यात सोडून बसले. उन्हानं डोळा लागला. जाग आली तेव्हा भरतीचं पाणी कमरेला होतं आणि उजवा पाय ओल्या वाळूनं असा आवळला होता की हलेना. शेवटी मासळीच्या पाट्या घेऊन चाललेल्या दोघी बायांनी त्यांना हातांनी उकरून काढलं.

"चाळीस वर्सं दर्यावर काढलान," त्यातली एक म्हणाली, "आनि भरती कधी येते ता ठाव नाय!"

"ठाव हाय गो," काका वाळू झटकत म्हणाले. "पन निकाल लागत आला होता."

गाव महिनाभर हसलं. काकीही हसल्या. पण त्यांचा हात होता तिथंच होता.

मग काकींचा भाऊ हातखंब्याकडून एका माणसाला घेऊन आला. हा लोखंडी सळई तापवून डाग द्यायचा. तेव्हा पुष्कळ लोक घ्यायचे डाग. आमच्या सासूबाईंच्या पाठीवरही होता. भाऊ म्हणाला, खांद्यावर तीन डाग दिले की सांधा सुटतो. काकी बऱ्याच दिवसांनी थकल्यासारख्या दिसल्या. म्हणाल्या, "द्या काय तो एकदाचा. रोजची ही कटकट नको." आणि पाटावर बसल्यासुद्धा.

काका पुढं झाले. "आधी माझ्या डाव्यावर."

"अहो भावोजी, तुमचं काय मधेच?"

"माझ्या घरचा रिवाज हाय."

त्या माणसानं सळई लाल केली आणि काकांच्या डाव्या गुडघ्याला एक डाग दिला. मी कुंपणाशी होते. पडवीचा खांब धरलेल्या काकांच्या हाताची बोटं पांढरी झालेली मी पाहिली. दुसऱ्या गुडघ्याला त्यांनी शांतपणे उंडीचं तेल चोळलं आणि म्हणाले, "आठ दिसांनी सांगतो." आठ दिवस डावा गुडघा सुजून टमटमीत. नवव्या दिवशी मेव्हण्याला निरोप गेला: "दुखनं गेला नाय. त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसला. तिच्या अंगाला सळई लागनार नाय." तो विषय तिथंच मिटला.

पुढं इस्पितळातल्या डॉक्टरांना काकींनी खांदा दाखवला. त्यांनी चोळायला एक उग्र वासाची बाटली दिली आणि जाता जाता म्हणाले, "शेका, चोळा, पण हात बांधून ठेवू नका. रोज थोडा थोडा वर न्या. दुखेल तिथं थांबा, उद्या त्याच्या पुढं."

काका घरी आले आणि गलबतावरचं जुनं सामान उपसत बसले. पहिल्यांदाच असं औषध आलं होतं, जे गुडघ्यावर लावून बघता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर परसातल्या फणसाच्या फांदीला गलबतावरची लाकडी कप्पी टांगलेली. शीड चढवायची असते ना, ती. तिच्यातून दोर ओवलेला. दोराच्या एका टोकाला मऊ धडपा गुंडाळून तो काकींच्या उजव्या मनगटाला बांधला होता, आणि दुसरं टोक काकींच्याच डाव्या हातात दिलं होतं. मी म्हटलं, "काका, तुम्ही ओढा की. त्यांना कशाला त्रास?"

"मी ओढला तर कुठं दुखतं ता मला कळंल व्हय? तांडेल तिनंच व्हायचा. मी खलाशी." आणि काकींकडे वळून, "चढव. हळू. हळू गो, वादळ नाय आला. आता बांध. दम घे. उतर."

आधी मिठाचा शेक, मग तेल, मग कप्पी. रोज सकाळ-संध्याकाळ. हात जिथवर जाई तिथं काका फणसाच्या खोडावर गेरूची रेघ मारत. चार-चार दिवस एकाच रेघेवर गेरू चढायचा. काकी कधी रागावून दोर टाकून आत निघून जायच्या. काका कप्पीखाली तसेच उभे. थोड्या वेळानं काकी परत यायच्या आणि मनगट पुढं करायच्या. असे पाच-सहा महिने गेले. शिमग्याच्या सुमाराला हात डोक्याच्या वर गेला. त्या दिवशी काकांनी सगळ्या वाडीत नारळ-गूळ वाटला आणि कप्पी उतरवली.

त्यानंतर एका सकाळी मी खोबऱ्याची वाटी मागायला त्यांच्या मागच्या दारी गेले. दार एरवी त्या वेळी बंद असे, त्या दिवशी उघडं राहिलं होतं. काकी उंबऱ्याकडे पाठ करून बसलेल्या, केस मोकळे, आणि मागं काका. ते काकींचे केस विंचरत होते. मग दोरखंड वळणाऱ्या त्या राठ बोटांनी पेड घालून त्यांनी नेटका अंबाडा बांधला, आणि वरून सुरंगीचा वळेसर माळला. मी तशीच मागं फिरले. नवरा बायकोचा अंबाडा बांधतो हे त्या काळी कुणी पाहिलेलं नव्हतं. काकी पडल्या तेव्हापासून तो कोण बांधतं, हे मीही कधी मनात आणलं नव्हतं.

दुपारी काकी विहिरीवर भेटल्या. त्यांची पोत मागं पदरात अडकली होती. त्यांनी उजवा हात सहज मानेमागं नेला आणि ती सोडवली. माझ्याकडे लक्ष गेलं तशा त्या थबकल्या.

"काकी, मागंसुद्धा जातो की हात!"

"हळू बोल मेली," त्या म्हणाल्या. "मी त्यांना सांगितलंय, वर जातो पन मागं वळत नाय. तू गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना ठाऊक. चार दिवसांनी काका पडवीत काथ्या वळत बसले होते, तेव्हा मी आडून आडून विचारलंच, "काका, काकींचा हात मागं वळत नाही म्हणे अजून?"

काकांनी काथ्यावरची नजर काढली नाही. "वळतो. पंधरा दिस झाले."

"मग?"

"मला ठाव हाय, ता तिला नको सांगूस." त्यांनी काथ्याला आणखी एक पीळ दिला. "चाळीस वर्सं संसार झाला, सूनबाय. त्यातला मी घरात किती होतो, हिशोब कर. तिच्या केसांत पांढरा कधी आला ता मला आत्ता दिसला."

म्हणजे बघा, एकीनं सांगितलं त्यांना सांगू नको, दुसऱ्यानं सांगितलं तिला सांगू नको, आणि मधे मी. त्यानंतर सात वर्षं, काका होते तोवर, रोज सकाळी अंबाड्याच्या वेळी त्यांचं मागचं दार लागायचं, आणि मी कुंपणाच्या अलीकडे धुणं वाळत घालत तोंड दाबून धरायची. आयुष्यात एवढंच एक मला जमलं. आता दोघंही नाहीत, म्हणून सांगितलं.