गळती आढळली नाही

"अहो, शेगडीपाशी आजही वास येतोय," असे पत्नीने महिन्याभरात विसाव्यांदा सांगितले, तेव्हा मिथेन-कपात कक्षाचे प्रमुख बैठकीच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते.

"तुझं नाक फार हळवं आहे," ते म्हणाले. "उद्या सचिव येताहेत. वर्षात एक तरी गळती शोधून बुजवल्याचं दाखवलं नाही, तर कक्ष बंद आणि माझी रवानगी जुन्या कागदांच्या गोदामात. इथं देशाचा शब्द पणाला लागलाय आणि तुला वासाचं पडलंय."

देशाने मिथेन घटवण्याचा शब्द जगाला दिला होता. घरोघर नळीने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेनच; म्हणून गळत्या शोधण्यासाठी कक्षाला एक मापकयंत्र मिळाले होते. ते बिघडू नये या काळजीपोटी वर्षभर कपाटात मोहोरबंद राहिले. उद्या ते सचिवांसमोर चालवावे लागणार, या धास्तीने प्रमुखांनी आज ते सरावासाठी घरी आणले होते. त्यांनी कळ दाबली, आणि येरझाऱ्यांच्या ओघात ते स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी पोचताच यंत्राने जो टाहो फोडला, तो थांबेना.

खिडक्या उघडल्या गेल्या. मिस्त्री आला आणि पान्याने दोन आटे आवळून मोकळा झाला. यंत्र गप्प झाले. प्रमुखांच्या चेहऱ्यावर वर्षात प्रथमच तेज आले आणि तत्काळ मावळले. सचिवांना द्यायच्या प्रपत्रात यंत्रावरचा दुरुस्तीपूर्वीचा आकडा हवा होता, आणि त्या धावपळीत तो कोणी टिपलाच नव्हता.

"मिस्त्री, ते आटे जरा ढिले करता का? दोनच मिनिटं."

"साहेब, आजवर लोकांनी मला गळती थांबवायलाच बोलावलंय," म्हणत मिस्त्रीने पाना पिशवीत टाकला.

"ढिलंबिलं काही होणार नाही," पत्नी म्हणाली. "तिथं मी उभी असते, तुमचे सचिव नव्हे."

"मग इथं गळती होती, हे सिद्ध कशानं करू?"

ती आत गेली आणि डब्याखालचा एक कागद घेऊन आली. "तुम्ही ऐकेनात, म्हणून तुमच्याच कचेरीत तक्रार टाकली होती. हे तिचं उत्तर."

प्रमुखांनी तो जवळजवळ हिसकावलाच. तारीख, पत्ता, नोंदणी क्रमांक, सारे चोख होते. खाली शेरा होता: 'प्रत्यक्ष स्थळपाहणी केली. गळती आढळली नाही.' आणि त्याखाली त्यांचीच वळणदार सही.



"पाहणीला आला होतात," पत्नी शांतपणे म्हणाली, "तर चहा तरी घेऊन जायचं होतं."