गाडी न्यूट्रलला हाय

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. एक खोली, तिच्यात पाच माणसं, आईची विड्यांची सुपं आणि माझी कॉलेजची पुस्तकं. मोबाइल एकच, तो बाबांबरोबर यंत्रमागाच्या पाळीला जायचा. वेळ विचारायची तर शेजारच्या नरसय्याअण्णांना. ते टेबलाकडे बघून म्हणायचे, "पन्नास."

पन्नास म्हणजे पावणेदहा. हे कळायला आमच्या चाळीत राहावं लागतं.

अण्णांनी उभी हयात चादरींचे गठ्ठे वाहणारा टेम्पो चालवला. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला दोन विषयांत नापास झाले, त्याच सुट्टीत तो टेम्पो भंगारात निघाला. अण्णांनी त्याचा रबरी भोंपू आणि स्पीडोमीटर तेवढा काढून आणला. काच घासली, मागे जुन्या घड्याळाचं मशीन बसवलं, खाली लाकडाचा ठोकळा. टेम्पोचा लाल काटाच झाला तासकाटा. मिनिटकाटा नाहीच. "मिंटं मोजायला मी काय रेल्वे हाय?"

गंमत म्हणजे टेम्पोत हा काटा कधी हललाच नव्हता. पोलिसानं वेगाबद्दल हटकलं की अण्णा आत बोट दाखवायचे, "सायेब, शून्यावर हाय, बघा की!"

तबकडीवरचे आकडे पुसायला मात्र ते तयार नव्हते. "कंपनीनं छापलंय, आपण कोण खोडनार?" म्हणून सकाळी सहाला शून्य, नऊला चाळीस, बाराला ऐंशी, तीनला एकशेवीस. हळूहळू अख्खी चाळ तसंच बोलायला लागली.

"नळ कवा येनार?"

"तीसला म्हनत्यात. पर आजच्या का परवाच्या, ते इचारू नका."

एकशेवीसच्या पुढे तबकडी कोरी. तीन ते सहा काटा त्या कोऱ्या पट्टीतून सरकायचा आणि अण्णा वाघ व्हायचे. "गाडी न्यूट्रलला हाय! भोंपू न्हाय, बोलनं न्हाय. उठा हितनं!" ओट्यावरचा पत्त्यांचा डाव उठायचा, पोरं पांगायची. विड्या वळता वळता हसणाऱ्या आईच्या मैत्रिणींनाही दम मिळायचा.

"म्हाताऱ्याला झोप लई प्यारी," त्या कुजबुजायच्या.

आई एकदा म्हणालीच, "अण्णा, तबकडी जरा फिरवा की. कोरा भाग जेवणाच्या वेळेला आला तर काय बिघडलं? दुपारी आमाला तोंड उघडायची चोरी झालीय."

"फिरनार न्हाय," अण्णा म्हणाले आणि दार लावून घेतलं.

इकडे बाबांनी मला सांगून टाकलं होतं, पुन्हा नापास झालीस तर कॉलेज बंद. सकाळी कॉलेज, संध्याकाळी आईबरोबर विड्या. अभ्यासाला हाताशी दुपारचे तीन ते सहा तेवढेच. नेमके तेच शांत मिळायचे. मी म्हणायचे, नशीब माझं.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला. पास! अण्णांना पेढा दिला, तर त्यांनी आधी मार्कलिस्ट मागितली, उलटीसुलटी करून पाहिली आणि मगच पेढा तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चार वाजता चाळीत टेम्पोचा भोंपू वाजला. मी धावत बाहेर आले. ओट्यावर पत्ते रंगलेले, पोरं भोंपूवर तुटून पडलेली, आणि सगळ्यांत मोठा आवाज अण्णांचा.

"अण्णा, झोपायचं नाही?"

"म्हाताऱ्याला दुपारची झोप कुटली? भिंतीकडं बघत बसायचो." पत्ता आपटत ते हातातल्या पानांकडेच बघून बोलले, "एकट्या मानसाला दुपार लई लांब असती, पोरी. तू सुटलीस, मी बी सुटलो."



नोकरी लागली तेव्हा त्यांनी ते घड्याळ धोतरात गुंडाळून आणून दिलं. "हापिसात ठिव. पर तितं न्यूट्रल न्हाय हां!"

"आणि तुम्हाला वेळ कशी कळणार?"

"आमचं काय, डाव मोडला की सहा."

आज ते घड्याळ मंगळवेढ्याला, माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे. साहेब वेळ विचारतात तेव्हा तोंडातून "साठ" निघून जातं. ते बघतच राहतात. मी त्यांना सगळं सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की या घड्याळावर मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.