उजवीकडे वळ, प्रणिता

सिंगापूरच्या पश्चिम टोकाला असलेल्या तुआसच्या कारखान्यातून हेमचंद्र बाहेर पडला, तेव्हा घरी जाऊन आडवं व्हावं एवढंच त्राण त्याच्या अंगात उरलं होतं. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, कोपऱ्यातली जागा मिळाली. पाठ टेकतोय तोच प्रणिताचा व्हिडिओ कॉल आला.

प्रणिता ही त्याची बायको. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत ती अकाउंट्स बघायची. कंपनीने तिला कॉन्फरन्ससाठी थेट अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सला पाठवलं होतं आणि तिथला पहिला दिवस मोकळा दिला होता. परदेशात एकटीने हिंडायची तिची ही पहिलीच वेळ. त्यामुळे ती खुशीत होती आणि हेमचंद्र काळजीत. इथे दिवेलागण उलटून गेली होती, तिकडे कोवळं ऊन पडलं होतं.

"अरे, बघ तरी काय रस्ता आहे! दोन्ही बाजूंनी नुसती झाडं!"

"हॉटेलपासून किती लांब आलीस?"

"कोण जाणे. नदीकडे निघालेय."

"कोण जाणे म्हणजे? हरवलीस तू!"

"हरवले नाहीये रे. चालतेय."

निघताना त्याने तिला लोकेशन शेअर करायला लावलंच होतं. फोनवरच्या नकाशातला तिचा ठिपका नदीच्या उलट्या दिशेला सरकतोय, असं त्याला दिसलं. गाडी वळली की त्याच्या हातातला नकाशाही वळतो, हे त्या दमलेल्या डोक्यात काही शिरलं नाही.

"उजवीकडे वळ."

"उजवीकडे भिंत आहे."

"मग डावीकडे. सरळ जा. आता परत डावीकडे."

नवऱ्याच्या जिवाला बरं वाटावं म्हणून प्रणिता वळत राहिली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अरे, हेच फळांचं दुकान परत आलं. आणि हा फळवाला मला दर वेळी 'ओला' म्हणतोय. पाऊस तर कुठे नाही."

"नमस्कार म्हणतोय तो. तू पुढे चल."

"पुढे चलते, पण बॅटरी संपत आली."

हेमचंद्रची झोप उडाली. परका देश, परकी भाषा आणि आता फोनही बंद! "समोर दिसेल त्या दुकानात शिर आणि चार्जर माग!"

प्रणिता समोरच्या दुकानात शिरली. आतल्या बाईंना इंग्रजी येईना, म्हणून तिने दोन बोटं पुढे करून प्लगची खूण केली. बाई प्रसन्न हसल्या. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि गळ्याभोवती कापड बांधलं. प्रणिताने भिंतीवरची वायर दाखवली, तेव्हा फोनही चार्जिंगला लागला.

"लागला रे फोन," आरशासमोरून तिचा बारीक आवाज आला. "पण त्या माझे केस कापतायत."

"काय? नाही म्हण त्यांना!"

"एक बाजू कापून झाली. आता नाही म्हणून कशी दिसू?"

"थांबव! आधी थांबव त्यांना!" हेमचंद्र उभा राहून ओरडला. डब्यातल्या लोकांनी माना वर केल्या. तेवढ्यात गाडी थांबली आणि बघता बघता डबा रिकामा झाला. दारातून एक म्हातारी मागे वळून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, लास्ट स्टॉप ऑलरेडी लाह."

घरी बिशानला जायचं तर सिटी हॉलला गाडी बदलायला हवी होती. बाहेरची पाटी मात्र पासिर रिस सांगत होती. म्हणजे बेटाचं पार दुसरं टोक.

"तुझ्या मागची पाटी वाचली मी," प्रणिता म्हणाली. "आता कोणाला विचारत बसू नकोस. हीच गाडी उलटी जाईल. बस गुपचूप. सिटी हॉल आलं की मी सांगते."

हेमचंद्र बसला. वाद घालण्याएवढीही ताकद राहिली नव्हती. पडद्यावर आखूड केसांची एक तरतरीत बाई दिसत होती. ती आपलीच बायको, हे ओळखायला त्याला एक क्षण लागला. तिच्या खांद्यामागे दुकानातल्या बाया गोळा झाल्या होत्या. त्यांच्यातल्या एका मुलीला थोडं इंग्रजी येत होतं.

"अरे, यांना सिंगापूर बघायचंय. फोन खिडकीकडे धर ना जरा."

खांदे भरून आले होते, तरी त्याने फोन काचेला लावला. गाडी पुलावरून चालली होती. उंच इमारतींतल्या शेकडो खिडक्यांचे दिवे मागे सरकत होते. गॅलऱ्यांत बांबूंवर कपडे वाळत होते. तिकडून कौतुकाचे चीत्कार ऐकू येत होते. मग एका बाईंनी काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?"

"विचारतायत, हा कुठला भाग आहे?"

हेमचंद्र खिडकीबाहेर बघत राहिला. अठरा वर्षं झाली होती त्याला या शहरात.

"सांग त्यांना," तो म्हणाला, "मीही आजच बघतोय."